रिकाम्या जागांचे भाषांतर

दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी म्हण आपल्याकडे आहे. रूपांतरकाराची अवस्था पुष्कळदा अशीच होते. मूळ कृतीचे चाहते त्याला बोल लावतात आणि ज्यांच्यासाठी तो खपतो, त्यांना ती कृती परकीच वाटत राहते. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचे ॲनिमेशन चित्रपट अमेरिकी प्रेक्षकांपुढे नेताना गेल्या चाळीस वर्षांत जे घडले, त्यावरून या अवघड कामाची कसोटी कोणती असावी, हे पाहता येते. हे चित्रपट २०२० साली नेटफ्लिक्सवरून आपल्या देशातही आले. आपल्या घरांतील मुलांच्या कानी त्यांचे इंग्रजी रूपांतर पडण्याचा संभव अधिक. म्हणून हा विषय आपल्याही अंगणातला आहे.

आरंभ कात्रीने झाला. ‘नाउसिका’ हा मियाझाकींचा चित्रपट १९८४ साली जपानमध्ये प्रदर्शित झाला. युद्धाने विषारी झालेली पृथ्वी, पसरत चाललेले भयाण अरण्य आणि त्या अरण्यातील महाकाय कीटकांनाही शत्रू न मानणारी एक राजकन्या, असा त्याचा विषय. ते अरण्य मुळात माणसानेच नासवलेली माती व पाणी शुद्ध करीत आहे, हे तिला उमगते. पुढच्याच वर्षी ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ या नावाने तो अमेरिकेत आला, तेव्हा सुमारे दोन तासांच्या चित्रपटातील वीस मिनिटांहून अधिक भाग गळाला होता. नाउसिकाची झांद्रा झाली. जाहिरातीच्या चित्रावर तर चित्रपटात कुठेही नसलेले सशस्त्र पुरुष उभे राहिले. पापाची कबुली आणि सृष्टीशी समेट हा कथेचा गाभा पातळ झाला व लढाई तेवढी उरली.

या अनुभवानंतर मियाझाकींच्या स्टुडिओ घिबलीने काटछाटीला ठाम नकार देण्याचे धोरण धरले. ‘प्रिन्सेस मोनोनोके’ हा १९९७ सालचा चित्रपट मिरामॅक्स कंपनीकडे गेला, तेव्हा निर्माते तोशिओ सुझुकी यांनी कंपनीच्या प्रमुखाला एक जपानी तलवारच भेट दिली आणि काटछाट चालणार नाही, असे बजावले. चित्रपट १९९९ साली अखंड प्रदर्शित झाला. त्याचे इंग्रजी संवाद लेखक नील गेमन यांनी सिद्ध केले. त्यात एक पात्र सूप पिऊन ते अगदी पाण्यासारखे असल्याचे म्हणते. जपानी कानाला हा अपमान आहे. अमेरिकी कानाला तो तसा लागणार नाही, म्हणून गेमन यांनी पाण्याच्या जागी गाढवाचे मूत्र आणले! आमटीला ‘पाणी’ म्हटले तर काय होते, हे आपल्या घरातील गृहिणीला निराळे सांगावे लागणार नाही. पण अमेरिकी प्रेक्षकासाठी हा बदल योग्यच होता. शब्द गेला, अपमान शाबूत राहिला.

मात्र प्रत्येक वेळी परिचित शब्द साह्य करतोच असे नाही. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानमध्ये उतरले, तेव्हा परमेश्वरासाठी त्यांनी प्रारंभी ‘दाइनिची’ हा तेथील रुळलेला शब्द वापरला. तो बुद्धाच्या एका रूपाचा वाचक आहे, हे कळताच त्यांनी तो टाकला आणि ‘देउस’ हा परका शब्दच पुढे केला. श्रोत्याची सोय पाहणारा शब्द कधीकधी अर्थाची फसवणूक करतो, हे त्यांनी ओळखले. रूपांतरकाराचा विवेक तो हाच.

हा विवेक सुटतो, तो बहुधा प्रेमापोटी. कात्रीची जखम दिसते. भर घातलेली मात्र चटकन दिसत नाही. ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ या १९८९ सालच्या चित्रपटात तेरा वर्षांची किकी घर सोडून परक्या शहरात कष्टाने जगू पाहते. (ती चेटकीण आहे म्हणून पालकांनी बिचकू नये, कथा कष्ट, निराशा आणि शेजारधर्माची आहे.) तिच्याशी बोलणाऱ्या मांजराची भाषा तिला एके दिवशी कळेनाशी होते. पुढे उडण्याची शक्ती परत येते, मांजर मात्र पुन्हा बोलत नाही. बालपण ओसरल्याची ही खूण आहे. डिस्नीच्या १९९८ सालच्या रूपांतरात मांजराला जागोजागी विनोद दिले गेले आणि शेवटी त्याची वाचाही परत आली. जे गमावल्यावाचून माणूस मोठा होत नाही, तेच तिला परत देऊन टाकले.

‘स्पिरिटेड अवे’चे तसेच. मूळ चित्रपटात शेवटी चिहिरो आईवडिलांसह मोटारीतून निघून जाते आणि या साऱ्याने ती किती बदलली, हे प्रेक्षकाने मनाशी ठरवायचे असते. इंग्रजीत वडील नव्या घराच्या व शाळेच्या धास्तीविषयी बोलतात आणि आपण ते निभावून नेऊ, असे मुलगी उत्तर देते. तात्पर्य हाती आले, विचार संपला.

मियाझाकींनी २००२ साली रॉजर ईबर्ट या समीक्षकाशी बोलताना टाळ्या वाजवून दाखवल्या होत्या. दोन टाळ्यांमधला जो अवकाश, त्याला जपानीत ‘मा’ म्हणतात. तो नसेल तर उरते ती नुसती धावपळ, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आपल्याला हे नवे वाटू नये. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात पिता बाहेर येऊन थोरल्या मुलाची मनधरणी करतो. तो मुलगा अखेर घरात गेला की नाही, हे संत लूक सांगत नाही. ती जागा ऐकणाऱ्यासाठी मोकळी ठेवलेली आहे. कुणी तेथे दोन वाक्ये घातली, तर दाखला सोपा होईल आणि आपण त्यातून सुटू.

मुले कंटाळतील, हा रूपांतरकारांचा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. जॉन लॅसिटर यांच्यासारख्या चाहत्याने ‘स्पिरिटेड अवे’ अमेरिकेत नेला. २००३ साली त्याला ऑस्कर मिळाले. हे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु पुढचा इतिहास त्या भीतीला दुजोरा देत नाही. २०१० साली ‘किकी’ पुन्हा बाजारात आला, तेव्हा मांजराची शेवटची वाचा व बरीचशी भर काढून टाकलेली होती. मृत्यू आणि शोक यांविषयीचा ‘द बॉय अँड द हेरॉन’ २०२३ साली अमेरिकेत अखंड दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी ऑस्करचा मानकरी ठरला. प्रेक्षकाची पात्रता रूपांतरकारांच्या समजुतीपेक्षा मोठी निघाली.

धर्मशिक्षणाच्या वर्गात दाखला संपताच ‘यावरून काय शिकलो?’ असे विचारणारे आपण, कम्युनियननंतरची शांतता गीताने भरून काढणारे आपण, या रूपांतरकारांहून फार वेगळे आहोत काय? मुलांवर विश्वास ठेवणे हाही श्रद्धेचाच एक भाग आहे. ‘किकी’ त्यांच्यासोबत अवश्य पाहावा. मांजर का बोलत नाही, असे एखाद्या मुलाने विचारले, तर लगेच उत्तर देऊ नये.