हिरवा गालिचा आणि त्याचे विणकर

मराठी प्रवासवर्णनाला काही शब्द सवयीने चिकटलेले आहेत. समुद्र आला की तो 'अथांग' असतो, हिमालय आला की 'उत्तुंग', आणि चहाचे मळे आले की 'जणू हिरवा गालिचाच'. गेली सत्तावीस वर्षे मी हायस्कुलात मराठी शिकवतो आहे. 'मी केलेला प्रवास' या निबंधाच्या वह्या दरवर्षी तपासतो. उटी किंवा मुन्नार पाहून आलेल्या मुलाच्या वहीत पहिल्या दहा ओळींत गालिचा हमखास अंथरलेला असतो. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. मोठी माणसे जे लिहितात आणि छापतात तेच ती वाचतात. सहलीच्या पत्रकात गालिचा, रविवारच्या पुरवणीत गालिचा, दिवाळी अंकातल्या सचित्र लेखातही गालिचाच. एखादा शब्द इतक्या हातांतून फिरला की तो नाण्यासारखा झिजतो, आणि त्याच्यावरचा छाप कोणी वाचेनासा होतो. तो छाप एकदा वाचून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शब्दाची परीक्षा वस्तूशेजारी ठेवूनच करता येते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आम्ही सहकुटुंब मुन्नारला गेलो होतो. मडगावहून रेल्वेने एर्नाकुलम, आणि तिथून सुमारे एकशे तीस किलोमीटरचा घाटरस्ता. मुन्नार या नावाचा अर्थ आपल्याकडच्या वाचकाला फोड करून सांगावा लागत नाही. आपण कानडीत 'मूरु' म्हणतो, तेच मल्याळममधले 'मून्नु'. 'आर' म्हणजे नदी. मुतिरप्पुळा, नल्लतण्णी आणि कुंडला या तीन नद्यांचा हा संगम. दोन भाषांत वाढलेल्या माणसाला दक्षिणेत फिरताना असा एक जादा डोळा मिळतो. त्याचा उपयोग आपण किती करतो, हा वेगळा प्रश्न.

मुन्नार सुंदर आहे, हे आधीच सांगून टाकतो. साधारण पाच हजार फुटांवरची थंड हवा, वळणावळणाने खाली जाणारे उतार, मधूनमधून सरळसोट वाढलेले सिल्व्हर ओक, आणि त्यांच्याआडून सरकणारे धुके. हे पाहून ज्याला आनंद होत नाही त्याच्याशी साहित्याविषयी बोलण्यात अर्थ नाही. परंतु हा आनंद आपण ज्या शब्दांत सांगतो ते शब्द अपुरे आहेत, आणि माझी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे.

चहा ही मुळात झुडूप नव्हे. तिला मोकळी वाढू दिली तर ती तीस-चाळीस फूट उंचीचे झाड होते. माणसाच्या कमरेला लागेल अशा उंचीवर ती राहते, कारण दर चार-पाच वर्षांनी तिची खरड छाटणी होते आणि दर आठ-पंधरा दिवसांनी तिचे कोवळे शेंडे खुडले जातात. दोन पाने आणि एक कळी. असा साडेचार किलोच्या आसपास ओला पाला खुडावा तेव्हा एक किलो चहा तयार होतो. ज्या सपाट, एकसारख्या पृष्ठभागाला आपण निसर्गाची किमया म्हणतो, तो पृष्ठभाग या खुडणीतून तयार होतो. महिनाभर हात थांबले तर गालिच्याची कडा सुटते, वर्षभर थांबले तर गालिचा उरतच नाही. तेव्हा गालिच्याची उपमा चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. ती लेखकाला कल्पना नाही इतकी बरोबर आहे. फक्त ती अर्धीच वापरली जाते. गालिचा म्हटला की विणकर आला. आपल्या प्रवासवर्णनांत गालिचा असतो, विणकर नसतो.

स्थलदर्शनाची मांडणीच अशी असते की विणकर दिसू नये. गाडीवाल्याच्या यादीत माट्टुपेट्टी धरण, एको पॉइंट, कुंडला तलाव, टॉप स्टेशन आणि राजमलै असते. प्रत्येक ठिकाणी थांबायला वीस-तीस मिनिटे. टॉप स्टेशन या नावात एक अख्खा इतिहास आहे. कुंडला खोऱ्यातून छोटी रेल्वे इथवर येत असे, आणि इथून चहाच्या पेट्या आकाशपाळण्याच्या तारेवरून खाली, बोडिनायक्कनूरच्या बाजूला उतरत. १९२४ च्या महापुराने ती रेल्वे वाहून नेली, नाव तेवढे राहिले. टॉप स्टेशनची दरी पाहायला केरळमधून आलेला प्रवासी उभा राहतो तो तमिळनाडूच्या हद्दीत. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने हे ऐकून कान टवकारायला हवेत. पण आमच्या गाडीत फोटोंची घाई होती.

नल्लतण्णीला २००५ साली सुरू झालेले चहाचे संग्रहालय आहे. मला ते आवडले. १९१३ सालचे दगडी सूर्यघड्याळ, जुन्या रेल्वेचे चाक, चहा वळण्याची जुनी यंत्रे, साहेबांच्या बंगल्यातले सामान, सारे नीट जपलेले आहे. जॉन डॅनियल मन्रो या इंग्रजाने १८७७ साली पूंजारच्या राजाकडून हे डोंगर मिळवले, इथपासूनची हकिगत तिथे कळते. मात्र संग्रहालयात यंत्राला जेवढी जागा आहे तेवढी माणसाला नाही. हीच तक्रार आपल्या प्रवासवर्णनांबद्दल करता येईल.

ती माणसे राहतात कुठे? रस्त्यावरून खाली पाहिले तर पत्र्याच्या छपरांच्या लांबट रांगा दिसतात. इंग्रजांच्या काळी त्यांना 'लाइन' म्हणत. तिथल्या लोकांच्या तोंडी त्याचे झाले 'लयम्'. एक खोली, एक स्वयंपाकघर, की पुढच्या कुटुंबाची भिंत. एका उतारावर गाडी थांबली असता माझ्या पत्नीने खुडणी करणाऱ्या एका बाईंशी कानडीत बोलायचा धीर केला. बाईंची भाषा तमिळ. तरी कानडीतले 'एले' आणि तमिळमधले 'इलै' एकमेकींना ओळखतातच. उरलेले आमच्या गाडीवाल्याने समजावून दिले. त्या बाईंची आजी मद्रास मुलखातून इथे आली. आई इथे खुडत होती, त्या इथे खुडतात. नोकरी संपली की खोली सोडावी लागते, म्हणून घरातल्या कोणीतरी मळ्यातच कामाला राहायला हवे. 'आमचे गाव' म्हणून त्यांनी ज्या गावाचे नाव सांगितले, ते गाव त्यांनी लहानपणी दोनदाच पाहिले होते.

इथे सीमाभागातल्या वाचकाला थांबावेच लागेल. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्रावणकोरचे चार दक्षिणेकडचे तालुके तमिळभाषक म्हणून मद्रासकडे गेले. देविकुळम आणि पीरमेड हे चहा-वेलचीचे डोंगराळ तालुके मात्र केरळात राहिले. मुन्नार देविकुळम तालुक्यात आहे. तिथे तमिळ बोलणारे बहुसंख्य होते. परंतु ते मळ्यांवर कामासाठी आलेले, येऊन-जाऊन असणारे लोक, असा युक्तिवाद त्या वेळी झाला. राजकीय निवाडा योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. मला त्यातला एक वाङ्मयीन मुद्दा दिसतो. तीन पिढ्या एका डोंगरावर काढलेल्या माणसांना 'येऊन-जाऊन असणारे' म्हणणारा अहवाल आणि त्याच डोंगरावर माणूसच न पाहणारे प्रवासवर्णन, या दोघांची नजर फार वेगळी नाही. कोणाला मोजायचे आणि कोणाला नाही, हे शब्द ठरवतात. ही गोष्ट आपल्याला तरी दुसऱ्याने शिकवावी लागू नये.

मराठी प्रवासवर्णनाची सुरुवात अशी नव्हती. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. हा वरसईचा गरीब भिक्षुक १८५७ च्या सुमारास दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला. पोटासाठी निघालेला माणूस वाटेतल्या माणसांकडे काणाडोळा करू शकत नाही. कोण काय खातो, कोण काय देतो, कोणाला कशाची भीती वाटते, हे त्याला कळावेच लागते. पुढे आपला प्रवासी नोकरदार झाला, त्याला रजा आणि सवलतीचे भाडे मिळू लागले, आणि प्रवास हा कामापासून सुटका ठरला. सुटीवर गेलेल्या माणसाला दुसऱ्याचे काम दिसेनासे होते, याचे कारण मला यात सापडते.

चहाच्या डोंगरांवरचे काम पाहायचे असेल तर कादंबऱ्यांकडे जावे लागते. मुल्कराज आनंद यांची 'टू लीव्ज अँड अ बड' ही इंग्रजी कादंबरी १९३७ ची. होशियारपूरकडचा गंगू जमिनीच्या आमिषाने आसामच्या मळ्यात येतो आणि अडकतो. शेवटी त्याला गोळी घालणारा गोरा अधिकारी न्यायालयातून निर्दोष सुटतो. ख्वाजा अहमद अब्बास यांनी तिच्यावर 'राही' हा चित्रपट काढला. त्यात देव आनंद आणि नलिनी जयवंत होते. कादंबरी म्हणून तिच्यात दोष आहेत. खलनायक एकाच रंगात रंगवला आहे, आणि मजुरांचा कैवारी डॉक्टर पुष्कळदा लेखकाचेच भाषण करतो. तरीही माणूस फसतो कसा, हे ती पायरीपायरीने दाखवते.

मला अधिक मोलाची वाटते ती पॉल हॅरिस डॅनियल यांची 'रेड टी' (१९६९). डॅनियल हे मळ्यांवर डॉक्टर होते. तिरुनेलवेलीकडचे करुप्पन आणि वळ्ळी हे जोडपे आनैमलैच्या डोंगरात येते, ते मेस्त्रीने दिलेल्या आगाऊ रकमेपायी. या रकमेला आपल्याकडे 'उचल' म्हणतात आणि मेस्त्रीला 'मुकादम'. चिकोडी-निपाणीकडच्या ऊसतोडणीच्या हंगामात हे दोन्ही शब्द रोज कानावर पडतात. उसाच्या फडाला आपण कधी गालिचा म्हणत नाही, कारण फडाच्या कडेची पाचटाची खोपटी आपण पाहिलेली असतात. डॅनियल यांची भाषा साधी, कधी रुक्षही आहे. पण ताप, उचल, परतीची वाट आणि मृत्यू यांचा हिशेब ते रुग्णाच्या कागदासारखा चोख मांडतात. इरा. मुरुगवेळ यांनी ती तमिळमध्ये 'एरियुम पनिक्काडु' या नावाने नेली, आणि २०१३ चा बाला यांचा 'परदेसी' हा चित्रपट तिच्यावरून निघाला. आनंद यांच्यापाशी संताप आहे, डॅनियल यांच्यापाशी तपशील. वाचकाच्या मनात तपशील अधिक काळ टिकतो.

यावर कोणी म्हणेल, ही सारी जुनी, इंग्रज अमदानीची दुःखे. मळामजुरांसाठी १९५१ साली कायदाही झाला. तेव्हा दोन अलीकडच्या गोष्टी सांगतो. सप्टेंबर २०१५ मध्ये बोनस निम्म्यावर आला म्हणून मुन्नारच्या खुडणी करणाऱ्या हजारो बायका रस्त्यावर बसल्या. त्यांची दिवसाची मजुरी होती २३२ रुपये. मान्यवर कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांना त्यांनी जवळ येऊ दिले नाही. स्वतःला त्यांनी 'पेम्बिळै ओरुमै', म्हणजे बायकांची एकजूट, असे नाव घेतले आणि नऊ दिवसांत वीस टक्क्यांची मागणी मान्य करून घेतली. दुसरी गोष्ट ६ ऑगस्ट २०२० च्या रात्रीची. मुसळधार पावसात पेट्टिमुडी येथे डोंगर कोसळला आणि लयम्‌च्या रांगा झोपलेल्या माणसांसह गाडल्या गेल्या. सत्तर जण गेले. पेट्टिमुडी राजमलैच्या बाजूलाच आहे. तिथे आपण डोंगरी बकऱ्यांचे फोटो काढतो आणि बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी पाहायला जातो. २०१८ नंतर ती आता २०३० साली फुलेल. मराठीत 'लय' या शब्दाला दोन अर्थ आहेत, ताल आणि विलय. त्या रात्रीनंतर मला तो पत्र्याच्या रांगांपासून वेगळा करता येत नाही.

सुटीत गेलेल्या माणसाने दुसऱ्याचे दुःख उकरत बसावे काय, असा प्रश्न मला सहशिक्षकांनीच विचारला. माझी मागणी इतकी मोठी नाही. ढसाढसा रडणारी प्रवासवर्णने मला नकोत; त्यातही लेखक स्वतःकडेच पाहत असतो. मला अचूकपणा हवा आहे. ज्याने डोंगर पाहिला त्याने त्यावर चालणारे काम पाहिले पाहिजे, कारण काम हा त्या देखाव्याचाच भाग आहे. ते वगळले तर वर्णन निर्दय होते की नाही हा पुढचा प्रश्न. आधी ते चुकीचे होते.

यंदापासून माझ्या शाळेत प्रवासाच्या निबंधाला मी एक अट घातली आहे. पाहिलेल्या ठिकाणी काम करणाऱ्या एका तरी माणसाविषयी पाच वाक्ये लिहायची: तो काय करतो, कोणती भाषा बोलतो, कुठे राहतो. परवा आठवीतल्या एका मुलीने उटीविषयी लिहिताना गालिचा ठेवला. पण पुढच्याच ओळीत, पाठीवर टोपली घेतलेल्या बाईंच्या बोटांना काळे डाग पडलेले होते, असे लिहिले. त्या वाक्याखाली मी लाल शाईने रेघ मारली आणि समासात 'छान' लिहिले.