चॉसरचा नांगऱ्या बोलत का नाही?

मध्ययुगीन इंग्लंडमधील धर्मसंस्थेचे चित्र पाहावयाचे झाल्यास अभ्यासक प्रथम जेफ्री चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’कडे वळतात. १३८७ च्या सुमारास आरंभलेले हे काव्य कवीच्या निधनापर्यंत, म्हणजे १४०० पर्यंत, अपूर्णच राहिले. थॉमस बेकेटच्या समाधीकडे निघालेले यात्रेकरू त्यात वाटेने कथा सांगतात. या काव्यामुळे चॉसर हा पुरोहितशाहीचा निर्भीड टीकाकार ठरला आहे. आमच्या मते हे अर्धेच सत्य होय.

त्याची टीका तीक्ष्ण आहे, यात शंका नाही. त्याचा मठवासी साधू संत बेनेडिक्टचे नियम जुनाट म्हणून झुगारतो, शिकारी कुत्रे पाळतो आणि उंची फर लावलेल्या बाह्या मिरवितो. भिक्षेवर जगण्याचे व्रत घेतलेला फ्रायर पैसे देणाऱ्यास सौम्य प्रायश्चित्त सांगतो. कुष्ठरोग्यांशी संबंध ठेवणे त्याला कमीपणाचे वाटते. पापक्षमेची पत्रे विकणारा पार्डनर उशीच्या अभ्र्याला मेरीमातेचे वस्त्र म्हणतो आणि गरीब धर्मगुरूला दोन महिन्यांत मिळते त्याहून अधिक एका दिवसात मिळवितो. त्याच्या प्रवचनाचा विषय मात्र एकच : लोभ हे सर्व अनर्थांचे मूळ!

या ढोंग्यांसमोर चॉसर एक आदर्श उभा करतो. तो म्हणजे गावचा निर्धन पार्सन. तो आधी आचरण करतो, मग उपदेश करतो. दशांश कर न देणाऱ्यास शाप देऊन बहिष्कृत करणे त्याच्या जिवावर येते. उलट स्वतःच्या प्राप्तीतून तो गरिबांना देतो. या पार्सनचा भाऊ नांगऱ्या आहे. तो शेणखत वाहतो, मळणी करतो, गरिबासाठी विनामोबदला राबतो आणि आपला दशांश पूर्णपणे व निमूटपणे भरतो. सर्व धर्मसेवक ज्याच्या घामावर जगतात, तो हाच. परंतु त्याच्या वाट्याला एकही कथा आलेली नाही.

काव्य अपूर्ण आहे, इतरही काही यात्रेकरूंच्या कथा नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. तथापि प्रस्तावनेतील चित्रातही या श्रमिकाच्या मुखी तक्रारीचा एक शब्द नाही. हे चित्र १३८१ च्या शेतकरी उठावानंतरचे आहे, हे विसरता येत नाही. त्या उठावात जॉन बॉल हा धर्मोपदेशक बंडखोरांच्या बाजूने उभा राहिला आणि कँटरबरीचा आर्चबिशप सायमन सडबरी याचा लंडनमध्ये शिरच्छेद झाला. चॉसर त्या काळात लंडनच्या ऑल्डगेट वेशीवरील घरात राहत होता. इंग्लंडचा नांगऱ्या प्रत्यक्षात मुका नव्हता. काव्यात तो मुका झाला. याच्या उलट विल्यम लँगलंडचा नांगऱ्या पिअर्स धर्मगुरूशी वाद घालतो, आणि बॉलच्या पत्रांत त्याचे नाव येते. पुढे १५४२ च्या छापील आवृत्तीत चॉसरच्या नावावर ‘नांगऱ्याची कथा’ घातली गेली. ती चॉसरची नव्हे. तिच्यात चर्चवर कठोर प्रहार आहेत. ही उणीव वाचकांनाही जाणवली होती, याचा हा पुरावाच म्हटला पाहिजे.

हे मौन केवळ कवीचे नव्हते. ११६४ च्या क्लॅरेंडन नियमांनुसार भूदासाच्या मुलाला जमीनदाराच्या संमतीविना धर्मदीक्षा देता येत नसे. १३९१ मध्ये तर भूदासांनी मुलांना शाळेत पाठवू नये, अशी मागणी पार्लमेंटच्या सामान्य सभागृहाने राजाकडे केली. राजाने ती मान्य केली नाही. पण अशी मागणी व्हावी, यातच सारे आले. विद्येची दारे कोणासाठी बंद करावयाची, हा प्रश्न आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे शाक्यकुमारांच्या आधी प्रव्रज्या लाभलेल्या उपालीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु तेवढ्यावर समाधान मानणे योग्य नव्हे. दासाला व ऋणकोला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम महावग्गातही आहे, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. भिक्खू हा केवळ परिपूर्ण मनुष्य व्हावा की समाजसेवक, हा प्रश्न बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रास्ताविकात उपस्थित केला, तो याच जाणिवेतून.

चॉसरने वाईट धर्मगुरूच्या जागी चांगला धर्मगुरू बसविला; दशांश मात्र तसाच राहिला. म्हणून धर्मसंस्थेची परीक्षा केवळ तिच्या सेवकांच्या शीलावरून पूर्ण होत नाही. तिला अन्नवस्त्र पुरविणाऱ्याला तिच्यात बोलता येते काय, हेही विचारावे लागते. हा प्रश्न आपल्या विहारांनाही लागू आहे. तो आपण टाळू नये.