मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण : एका मार्गदर्शिकेची चिकित्सा

प्रस्तावना

आपत्तीत सापडलेल्या माणसाच्या जखमेवर पट्टी कशी बांधावी, हे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून विद्यार्थ्यांना अनेक वर्षे शिकविले जात आहे. त्या माणसाशी काय बोलावे आणि काय बोलू नये, हा विषय मात्र महाविद्यालयीन कार्यशाळांत तुलनेने नवा आहे. या क्षेत्रात जगभर आधारभूत मानल्या जाणाऱ्या ग्रंथांपैकी एक म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, वॉर ट्रॉमा फाउंडेशन आणि वर्ल्ड व्हिजन इंटरनॅशनल यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेली क्षेत्रीय कार्यकर्त्यांसाठीची मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिका होय. तिचे सामर्थ्य कोठे आहे आणि तिच्या आधारे प्रशिक्षण देताना आपण कोठे कमी पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संयमाची शिकवण

पाहा, ऐका आणि जोडा अशा तीन क्रियांवर ही मार्गदर्शिका उभी आहे. सुरक्षितता व निकडीच्या गरजा पाहाव्यात, समोरचा बोलेल ते ऐकावे आणि त्याला आप्तांशी, माहितीशी व सेवांशी जोडून द्यावे, एवढाच तिचा आशय आहे. हा साधेपणा फसवा आहे. त्यामागे एका चुकलेल्या वाटेचा इतिहास आहे. जेफ्री मिशेल यांनी १९८३ साली आणीबाणीच्या सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी डीब्रीफिंगची पद्धत मांडली. घडलेला प्रसंग लवकरात लवकर सविस्तर सांगून घ्यावा, अशी तिची दिशा होती. पुढे ती सर्वसामान्य आपद्ग्रस्तांसाठीही वापरली गेली. २००२ च्या कोक्रेन समीक्षेत मात्र अशा एकाच बैठकीच्या डीब्रीफिंगमुळे आघातोत्तर विकार टळतो, याला आधार सापडला नाही. काही अभ्यासांत तर त्रास वाढल्याचेही आढळले. मार्गदर्शिका ‘बोलते करण्याचा’ आग्रह धरत नाही, याचे कारण येथे आहे. मदत करणाऱ्याच्या उत्साहाला घातलेला हा आवर तिचे सर्वांत मोठे योगदान मानावे लागेल.

सांत्वनाची आपली भाषा

आपल्याकडील प्रशिक्षणाची खरी परीक्षा येथेच होते. ‘रडू नका’, ‘देवाच्या मनात होतं’, ‘जीव तर वाचला ना’ ही वाक्ये आपल्या तोंडी सहज येतात. ती सद्भावनेनेच उच्चारली जातात, परंतु ऐकणाऱ्याला त्यातून आपले दुःख आवरते घेण्याची सूचना मिळते. मार्गदर्शिकेतील नमुनावाक्यांचे भाषांतर वाचून दाखविल्याने ही सवय सुटणार नाही. दुसऱ्या बाजूस, दुखवट्याच्या घरी जाऊन काही न बोलता बसून राहण्याची आणि चूल पेटली नसेल तेथे शेजाऱ्यांनी जेवण पोहोचविण्याची रीतही आपलीच आहे. ‘ऐका’ आणि ‘जोडा’ या तत्त्वांचे बीज या रीतीत आहे. प्रशिक्षकाने परक्या वाक्यांऐवजी येथून आरंभ केला, तर विद्यार्थ्याला विषय आपला वाटेल.

मर्यादा

पहिली मर्यादा मार्गदर्शिकेपेक्षा तिच्या वापराची अधिक आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रशिक्षक-पुस्तिकेचे शीर्षक कार्यकर्त्यांना या विषयाचा ‘परिचय’ करून देण्याविषयी बोलते. आपण मात्र एका दिवसाच्या परिचयाला प्रशिक्षण म्हणतो आणि प्रमाणपत्रही देतो. सिएरा लिओनमधील आरोग्य कर्मचाऱ्यांवरील, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित अभ्यासात प्रशिक्षणाने ज्ञान वाढल्याचे व सहा महिन्यांनंतरही ते टिकल्याचे दिसले. तथापि ही मोजणी मदत करणाऱ्यांच्या ज्ञानाची होती. मदत घेणाऱ्यांचे दुःख किती हलके झाले, हे त्यातून सिद्ध होत नाही.

दुसरी मर्यादा उदाहरणांची आहे. भूकंप, हिंसाचारातून झालेले विस्थापन आणि रस्त्यावरील अपघात हे मार्गदर्शिकेतील तिन्ही नमुनाप्रसंग अकस्मात कोसळणाऱ्या संकटांचे आहेत. विदर्भ-मराठवाड्यात शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या कुटुंबाचे संकट त्या मृत्यूपूर्वीच कर्ज व नापिकीतून साचत आलेले असते. तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्याला या उदाहरणांतून अपुरीच मदत मिळते.

तिसरी मर्यादा काळाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे पक्की झाली, परंतु चौकटीच्या आखणीत जुन्या गल्ल्या व शेजार विखुरल्याचे पुनर्वसनाच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. प्रथमोपचार पहिल्या काही तासांचा वा दिवसांचा असतो. एकटेपणा मात्र मदतीची वाहने परतल्यानंतर वाढतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने डिसेंबर २००९ मध्ये मनोसामाजिक आधाराविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रथमोपचार हा अशा दीर्घ व्यवस्थेचा केवळ उंबरठा आहे, हे प्रशिक्षणात स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही सूचना कराव्याशा वाटतात. एक, एका दिवसाच्या कार्यक्रमाला परिचयवर्गच म्हणावे आणि वर्षातून किमान एकदा त्याची उजळणी घ्यावी. दोन, मराठीतील नेहमीची सांत्वनवाक्ये घेऊन जोडीजोडीने सराव करावा. तीन, ‘जोडा’ हे तत्त्व कागदावर राहू नये यासाठी तहसील कार्यालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग व महिला-बाल साहाय्य यांची स्थानिक यादी विद्यार्थ्यांकडूनच तयार करून घ्यावी. ज्याला कोठे पाठवायचे हे ठाऊक नाही, त्याचे ऐकणे अपुरे राहते. चार, शिबिरातून परतलेल्या स्वयंसेवकांचीही विचारपूस व्हावी.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडील हजारो कुटुंबांना घर सोडून निवारा केंद्रांत राहावे लागले. अशा केंद्रात अठरा-एकोणीस वर्षांचा विद्यार्थी पाठविताना आपण त्याच्यावर एका अनोळखी माणसाच्या अत्यंत नाजूक क्षणाची जबाबदारी टाकत असतो. त्याची तयारी प्रमाणपत्राच्या कागदाने होत नाही, आणि ती करून घेण्याचे उत्तरदायित्व त्याला पाठविणाऱ्या शिक्षकाचे आहे.