'संशयकल्लोळां'तील तसबीर

कै. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संशयकल्लोळा'ची गोष्ट निघाली कीं 'पोट दुखेपर्यंत हंसलों' या पलीकडे रसिक सहसा जात नाहींत. मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनांतील हें कथानक इंग्रज नाटककार मर्फी याच्या द्वारें देवलांच्या हातीं आलें. प्रथम त्यांनीं त्याचें गद्य नाटक केलें, आणि १९१६ सालीं तें संगीत रूपानें रंगभूमीवर आलें. हा इतिहास सर्वश्रुतच आहे. आमचें म्हणणें निराळें आहे.

देवलांनीं 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव'ही रचिला. तेथें कान फुंकणारा खलपुरुष आहे; येथें घोटाळ्याच्या मुळाशीं कोणाचेंच कपट नाहीं. रेवतीला रस्त्यांत घेरी येते व फाल्गुनराव तिला सांवरतो. तें कृत्तिका पाहते. रेवतीजवळून पडलेली अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेच्या हातीं लागते, व ती न्याहाळतांना फाल्गुनराव तिला पाहतो. दोघांनींही पाहिलें तें अक्षरशः खरें! चुकला तो अर्थ. पुढें दोघेही एकमेकांस प्रश्न विचारतात खरे, पण प्रश्नांतच निकाल देऊन बसतात. मग खरें उत्तरही सबबीसारखें वाटूं लागतें. ज्यानें उत्तर आधींच ठरविलें, त्यास समोरचा काय बोलतो हें ऐकूं तरी कसें यावें? देवलांचें खरें मर्म आम्हांस या संवादांत दिसतें, तसबिरीच्या योगायोगांत नव्हे. योगायोग काय, कोणीही जुळवील.

परंतु रेवतीची गोष्ट येथेंच वेगळी होते. कृत्तिका रागावली तरी ती घरची धनीण आहे. तिचा त्रागा आपणांस हक्काचा वाटतो. रेवती गणिकेची कन्या. तिजवर संशय घेण्यास अश्विनशेटला तसबिरीची फारशी गरज नव्हती. तिच्या जन्मानें आधींच तिच्याविरुद्ध साक्ष दिली होती. जी प्रामाणिकपणें प्रेम करते तिला आपलें प्रेम पुराव्यानें सिद्ध करावें लागावें, हें दुःख प्रहसनाच्या वेगांत दडपून जातें. यांत नाटककाराचा दोष थोडा, नटांचा अधिक. या प्रसंगीं भांडण भराभर उरकून सुरांकडे वळण्याची घाई आम्हीं रंगभूमीवर पाहिली आहे.

अर्थात् प्रेक्षकही कांहीं निर्दोष नाहींत. पुढच्या पदाची वाट पाहत बसलों असतां, रेवतीचें बोलणें आम्हींही किती वेळां अर्धवटच ऐकलें असेल!