मोजायचे काय : चकत्या की परिणाम?

हर्सूल ओलांडून जळगाव रस्त्याने उत्तरेकडे निघाले की थोड्याच अंतरावर सावंगी लागते. येथे समृद्धी महामार्गावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. मोटार आत शिरताना तिच्या पुढच्या काचेवरची चकती वाचली जाते, ती जेथे बाहेर पडते तेथे पुन्हा वाचली जाते आणि मधल्या अंतरानुसार पथकर खात्यातून वळता होतो. ही चकती म्हणजे फास्टॅग. रेडिओलहरींद्वारे ओळख पटवण्याच्या या तंत्राला थोडक्यात आरएफआयडी म्हणतात.

चकती नसेल तर दुप्पट पथकर, हा नियम राष्ट्रीय महामार्गांवरील सर्व मार्गिकांना १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून लागू झाला. महाराष्ट्र शासनाने आपल्या अखत्यारीतील नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा केला. एखादे तंत्र इतक्या मोठ्या प्रमाणावर सक्तीने आणले जाते, तेव्हा दोन प्रश्न विचारणे हे विज्ञानशिक्षकाचे कामच आहे. ते चालते कसे? आणि त्याचा उपयोग झाला हे आपल्याला कळले कसे? पहिल्या प्रश्नाचा विचार आपल्या धोरणकर्त्यांनी बऱ्यापैकी केला. दुसऱ्याकडे मात्र दुर्लक्ष झाले, आणि तोच या लेखाचा विषय आहे.

चकती बोलते कशी?

चकतीत एक सूक्ष्म चिप आणि तिला जोडलेला धातूच्या पातळ पट्टीचा अँटेना असतो. बॅटरी नसते. नाक्यावरचे वाचकयंत्र रेडिओलहरी सोडते. त्यातली थोडी ऊर्जा घेऊन चिप जागी होते आणि अँटेनाची परावर्तनक्षमता कमी-जास्त करून आपला क्रमांक परतणाऱ्या लहरींवर उमटवते. आरशाचा कवडसा पाडून आणि मध्ये हात धरून-काढून दूरच्या मित्राला खूण करावी, तसेच हे आहे. ऊर्जा सूर्याची, निरोप आपला! परावर्तित लहरींतून संदेश पाठवण्याची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये एका शोधनिबंधात मांडली होती.

भारतात या कामासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ८६६ मेगाहर्ट्झ लहरीची लांबी विद्यार्थ्यांना काढायला सांगावी. सेकंदाला ३० कोटी मीटर या वेगाला ८६.६ कोटींनी भागले की सुमारे ३५ सेंटिमीटर हे उत्तर येते. या लहरी धातूवरून परत फिरतात आणि पाण्यात शोषल्या जातात. म्हणूनच काचेवर उष्णता अडवणारा धातूचा लेप असेल तर चकती नीट वाचली जात नाही. शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की चकतीपर्यंत पोचणारी ऊर्जा एक-चतुर्थांश होते आणि परत येणारा संदेश एक-षोडशांश. बॅटरी नसलेल्या चकतीचा पल्ला काही मीटरच का, याचे उत्तर या गणितात आहे.

पथकरासाठी कोणती पद्धत घ्यावी हे ठरवण्यासाठी २०१० मध्ये नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने बॅटरीविरहित आणि खुल्या आंतरराष्ट्रीय मानकाची चकती सुचवली. चकती स्वस्त पडली, अनेक उत्पादकांना ती बनवता आली आणि देशभर एकच चकती चालू लागली. या निवडीचे श्रेय समितीला दिलेच पाहिजे.

४७ सेकंदांचे कोडे

आता दुसरा प्रश्न. केंद्र शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१८-१९ मध्ये नाक्यावर वाहनाला सरासरी ८ मिनिटे थांबावे लागे. २०२०-२१ आणि २०२१-२२ मध्ये हा वेळ ४७ सेकंदांवर आला. आकडा प्रभावी आहे आणि तो वारंवार सांगितला जातो. पण नववीचा विद्यार्थीही येथे हात वर करील. २०२०-२१ हे टाळेबंदीचे वर्ष! रस्त्यावर वाहनेच कमी होती, तर रांग कशामुळे घटली? चकतीमुळे, की वाहने कमी झाल्यामुळे?

चकतीमुळे वेळ वाचतो याबद्दल कोणी शंका घेणार नाही. सुट्ट्या पैशांची देवघेव संपली की रांग पुढे सरकणारच. प्रश्न आहे तो किती वाचतो हा. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या असतील, तर नुसत्या 'आधी' आणि 'नंतर' यांच्या तुलनेतून दोहोंचा वाटा वेगळा काढता येत नाही. दोन कुंड्यांचा प्रयोग आपण सहावीपासून शिकवतो. एका कुंडीला खत घालायचे, दुसरीला नाही. ऊन-पाणी मात्र दोघींना सारखे. धोरणाच्या बाबतीत ही दुसरी कुंडी आपण विसरलो.

असा प्रयोग या तंत्राबाबत करता येतो का? येतो, आणि तो झालेला आहे. वॉलमार्ट या अमेरिकेतील दुकानसाखळीने २००३ मध्ये आपल्या १०० मोठ्या पुरवठादारांना जानेवारी २००५ पासून खोक्यांवर अशा चकत्या लावण्यास सांगितले. तेथील आर्कान्सा विद्यापीठाच्या संशोधकांनी चकत्यांची व्यवस्था असलेली १२ दुकाने आणि त्यांच्याशी जुळणारी, ती व्यवस्था नसलेली १२ दुकाने घेऊन तुलना केली. फळीवरचा माल संपलेला असण्याचे प्रमाण चकत्यांमुळे १६ टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. आकडा ४७ सेकंदांइतका दिपवणारा नाही, पण तो चकतीचा म्हणून सांगता येतो. पुढे हीच योजना ढिली पडली. त्याचे एक मोठे कारण असे की खर्च पुरवठादाराच्या माथी आणि लाभ मुख्यतः दुकानाचा, असा तो व्यवहार होता. खर्च कोणाचा आणि लाभ कोणाचा, हाही संशोधनाचाच प्रश्न आहे.

आपल्याकडे तर दुसरी कुंडी आयती उपलब्ध होती. नव्या मोटारींवर डिसेंबर २०१७ पासून चकती आली, सक्ती २०२१ मध्ये झाली आणि राज्याच्या नाक्यांवर ती २०२५ मध्ये पोचली. या टप्प्यांचा उपयोग तुलनेसाठी करून घेता आला असता. सप्टेंबर २०२४ मध्ये नियम बदलून उपग्रहाधारित पथकराला वाट मोकळी करण्यात आली. पण मे २०२५ पासून तो देशभर लागू होणार ही बातमी पसरल्यावर, असा निर्णय झालेला नाही, असा खुलासा शासनाला करावा लागला. परिणामांची मोजदाद पक्की नसली की चर्चा नव्या तंत्राच्या नावाभोवतीच फिरत राहते.

चकती कोणाची ओळख पटवते?

चकती स्वतःचा क्रमांक सांगते, एवढेच. ती ज्या वस्तूवर असायला हवी तेथेच आहे, हे तिला ठाऊक नसते. काही वाहनचालक चकती काचेवर न चिकटवता हातात धरून दाखवतात, म्हणून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये अशा सुट्या चकत्या काळ्या यादीत टाकण्याचे ठरवले. चकती आणि वाहन यांचा सांधा गोंदाचा आहे. तो नियमाने बळकट करावा लागतो.

जनावरांचे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. या पिवळ्या बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक आणि पट्टेदार संकेत छापलेला असतो. रेडिओ चिप त्यात आवश्यक नाही. जनावरांसाठी चिपचा बिल्लाही मिळतो. तो १३४.२ किलोहर्ट्झ या कमी वारंवारतेवर चालतो, कारण या लहरींना शरीरातील पाण्याचा अडथळा फारसा होत नाही. चिखलाने माखलेला छापील क्रमांक वाचता येत नाही, चिप वाचता येते. पण तिला वाचकयंत्र लागते आणि खर्चही अधिक. गोठ्यात कोणता बिल्ला अधिक काळ टिकतो आणि वाचला जातो, हे दोन्ही बिल्ले लावून पाहिल्यावरच ठरवावे.

शाळेच्या दारात

हा प्रश्न शिक्षकांच्या सर्वांत जवळ येतो तो हजेरीच्या निमित्ताने. गळ्यातल्या ओळखपत्रात चिप बसवून हजेरी घेण्याची यंत्रणा शाळांना विकली जाते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सटर गावाच्या शाळेत २००५ मध्ये पालकांच्या विरोधामुळे अशी योजना मागे घेतली गेली. टेक्ससमधील सॅन अँटोनिओ येथे दोन शाळांनी २०१२ मध्ये ती सुरू केली आणि २०१३ मध्ये बंद केली. हजेरीत अपेक्षेइतकी वाढ झाली नव्हती. यंत्राला कार्ड आलेले कळते, मूल आलेले कळत नाही. एका मुलाने चार मित्रांची कार्डे दप्तरात आणली तर यंत्राच्या लेखी पाच मुले हजर!

आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मुलांच्या हालचालींचा माग ठेवण्यास मनाई करतो. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांत शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शिक्षणसंस्थांना त्यातून सूट दिली आहे. म्हणजे येथे निर्णयाचा मोठा भाग कायद्याने शाळेवर सोपवला आहे. मुख्याध्यापकांच्या टेबलावर माहितीपुस्तक येईल तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. आज हजेरीला किती मिनिटे लागतात, हे आपण मोजले आहे का? एका तुकडीत यंत्र आणि दुसऱ्या तुकडीत वही असे महिनाभर करून पाहता येईल का? आणि मुलांची नोंद कोणाकडे, किती दिवस राहील?

पहिल्या दोन प्रश्नांसाठी मनगटी घड्याळ आणि एक वही पुरते. हर्सूलच्या असो की आणखी कोठल्या, शाळेतील आठवी-नववीच्या मुलांनी ही मोजणी स्वतः करावी. काम झाल्यावर तोच तक्ता फळ्यावर काढून शेजारी ८ मिनिटे आणि ४७ सेकंद हे आकडे लिहावेत, आणि यात दुसरी कुंडी कोठे आहे, असे वर्गाला विचारावे.