शिशाची गोळी की तांब्याची? दोन अर्धवट युक्तिवाद

शिसे जड, तांबे हलके. म्हणून लांबवरची शिकार साधायची तर शिशाच्या गाभ्याचीच गोळी हवी, असे अमेरिकेतील अनेक शिकारी म्हणतात. तांब्याच्या गोळीचे पुरस्कर्ते उत्तर देतात की दोन्हींत काही फरक नाही, तक्रार केवळ सवयीची आहे. आपल्याकडे कायद्याने शिकारीला बंदी असल्यामुळे हा वाद आपल्या दाराशी आलेला नाही. पण घनता आणि हवेचा रोध शिकवणाऱ्या शिक्षकाने तो जरूर तपासावा. दोन्ही पक्ष विज्ञानाचा हवाला देतात आणि दोघेही अर्धेच विज्ञान सांगतात.

आधी या वादात पणाला काय लागले आहे ते पाहू. कॅलिफोर्निया कोंडोर हा मृत प्राण्यांवर जगणारा प्रचंड पक्षी आहे. त्याच्या पंखांचा विस्तार तीन मीटरच्या जवळ जातो. 1982 मध्ये जगात असे केवळ 22 पक्षी उरले होते. 1987 पर्यंत उरलेले सारे पकडून बंदिवासात त्यांची वीण वाढवली गेली आणि 1992 पासून ते पुन्हा रानात सोडण्यात येऊ लागले. आज त्यांची एकूण संख्या पाचशेवर आहे. तरीही रानातील कोंडोरांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे ज्ञात कारण शिशाची विषबाधा हेच आहे.

शिकारी हरणाची आतडी जागेवरच टाकून जातो. शिशाची गोळी अंगात शिरताना फुटते आणि तिचे बारीक कण मांसात दूरवर विखुरतात. क्ष-किरण चित्रांत एकेका हरणाच्या अवशेषांत असे शंभराहून अधिक कण दिसले आहेत. कोंडोरच्या जठरातील तीव्र आम्लात ते विरघळतात. अन्नमार्गाची हालचाल थांबते आणि पक्षी उपाशी मरतो. हे शिसे गोळ्यांचेच कशावरून? शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण उगमानुसार बदलते. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनेक कोंडोरांच्या रक्तातील हे प्रमाण गोळ्यांतील शिशाशी जुळले. कोंडोरची मादी साधारणपणे दोन वर्षांत एकच अंडे घालते, त्यामुळे थोडे मृत्यूही या जातीला जड जातात.

आता पहिला युक्तिवाद घेऊ. शिशाची घनता 11.34 आणि तांब्याची 8.96 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे फरक 21 टक्के. पण इथेच पहिली चूक होते. शिशाच्या गाभ्याची गोळी निव्वळ शिशाची नसते, तिच्यावर तांब्याचे किंवा तांबे-जस्ताच्या मिश्रधातूचे कवच असते. समजा आकारमानाचा एक चतुर्थांश भाग तांब्याच्या कवचाचा आहे. मग सरासरी घनता सुमारे 10.75 येते आणि फरक 17 टक्क्यांवर उतरतो.

हा फरकही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. हवेचा रोध गोळीच्या आकारावर, छेदाच्या क्षेत्रफळावर आणि वेगावर ठरतो, वस्तुमानावर नाही. रोध तेवढाच असेल तर हलकी गोळी लवकर मंदावते. वजन भरून काढायला तांब्याची गोळी लांब करावी लागते. लांब गोळी हवेत स्थिर राहण्यासाठी अधिक वेगाने फिरावी लागते, म्हणजे नळीतील खाचांना पीळ जास्त हवा. जुन्या बंदुकीत तो असेलच असे नाही.

दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद याहून मोठ्या अडचणीत येतो. तांब्याच्या गोळीच्या टोकाला पोकळी असते. ऊतीत शिरताना दाबामुळे हे टोक पाकळ्यांसारखे उमलते, आणि ते उमलले तरच जनावर चटकन मरते. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. नळीतून 850 मीटर प्रतिसेकंद वेगाने निघालेली गोळी 600 वर आली की दाब जवळजवळ निम्मा होतो. नेहमीच्या रायफलीत हे साधारण साडेतीनशे-चारशे मीटरवर घडते, आणि तांब्याच्या अनेक गोळ्यांची उमलण्याची मर्यादा याच्याच आसपास असते. काही नव्या रचना याहून कमी वेगातही उमलतात, पण मऊ शिशाला हा गुण मुळातच मिळालेला आहे. म्हणजे अतिदूरच्या अंतरावर तांबे कमी पडते हे खरे आहे. ते नाकारणारा पुरस्कर्ता आपल्याच बाजूचे नुकसान करतो, कारण अनुभवी शिकाऱ्याचा मग त्याच्या इतर सांगण्यावरही विश्वास बसत नाही.

मग निर्णय शिशाच्या बाजूने द्यायचा का? नाही. ‘कोणती गोळी चांगली?’ हा प्रश्नच अपुरा आहे, ‘किती अंतरावर?’ हे त्यात विचारायला हवे. दोनशे मीटरच्या आत तांब्याची गोळी आपले काम चोख करते आणि तिचे तुकडेही क्वचितच होतात. चारशे मीटरपलीकडे तिचे उणेपण खरे आहे, पण तिथे शिकाऱ्यापुढे आणखी एक पर्याय असतो. तो पुढे सरकून अंतर कमी करू शकतो किंवा गोळी न झाडता परत जाऊ शकतो. आपण खातो त्या मांसात शिसे आहे की नाही हे कोंडोरला कळण्याचा मार्ग नाही.

कॅलिफोर्नियाने 2007 मध्ये कोंडोरच्या प्रदेशापुरता आणि 2013 मध्ये संपूर्ण राज्यासाठी कायदा केला. 1 जुलै 2019 पासून तिथे वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. ॲरिझोनाने सक्तीऐवजी 2005 पासून शिकाऱ्यांना बिनशिशाच्या गोळ्या मोफत देण्याचा मार्ग धरला. मार्ग वेगळे असले तरी दोन्हींना शिकाऱ्याचा विश्वास लागतोच, आणि तो अर्धवट विज्ञानाने मिळत नाही.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. कागदाचे सारख्या आकाराचे दोन बोळे करा, एकात छोटा खडा ठेवा आणि दोन्ही सारख्याच वेगाने फेकायला सांगा. खड्याचा बोळा दूर जाईल. कारण विचारल्यावर मुले ‘तो जड आहे म्हणून’ एवढेच म्हणतील. तिथे थांबू नका. रोध दोघांवर किती, मंदपणा कोणाला जास्त, आणि बोळा दोनच हात लांब फेकायचा असेल तर फरक दिसेल का, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी स्वतः शोधले, तर हा वाद त्यांना दोन्ही पक्षांपेक्षा अधिक चांगला कळला असे समजावे.