'रेसमो' आणि हलकेपणाचा हिशेब

मराठीत 'वजनदार' हा गौरवाचा शब्द आहे. पुढारी वजनदार असतो, वडीलधाऱ्यांच्या शब्दाला वजन असते. 'हलका' म्हटले की मात्र हलक्या कानाचा, हलक्या प्रतीचा, हलक्या मनोवृत्तीचा अशी उतरंड सुरू होते. यंत्रांकडेही आपण याच भाषेतून पाहतो. गाडी घ्यायला गेलेला आपल्याकडचा माणूस आधी दार आपटून आवाज ऐकतो, मग बोटाने पत्रा दाबून बघतो. पत्रा दबला की गाडी नापास. नटबोल्ट, पाटे, जू, चाक, सगळे कसे दणकट हवे. उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या जिल्ह्यात ही अपेक्षा चुकीची म्हणता येत नाही. पण या अपेक्षेच्या पलीकडे यंत्रविद्येचे एक अख्खे दालन आहे. ते आपण कधी नीट उघडून पाहिलेले नाही, असे माझे मत आहे. त्यासाठी महाराष्ट्रातल्याच एका गाडीचे उदाहरण घेतो.

मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात टाटा मोटर्सने 'रेसमो' नावाची दोन आसनी गाडी मांडली. कंपनी आपली, मूळ पुण्या-मुंबईत. रेखाटन तिच्या इटलीतल्या तुरिन येथील स्टुडिओचे. लांबी चार मीटरच्या आत, उंची जेमतेम सव्वा मीटरपर्यंत. इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे. इंजिनही परके नव्हते. 'नेक्सॉन'मध्ये ज्या घराण्याचे १.२ लिटरचे तीन सिलिंडरी टर्बो इंजिन बसले, त्याच घराण्यातले. 'नेक्सॉन'मध्ये त्याची ताकद ११० अश्वशक्ती होती, इथे ती १९० पर्यंत नेली होती. शून्य ते शंभर किलोमीटर वेग सहा सेकंदांच्या आत, असा कंपनीचा दावा होता. वजन सुमारे ८०० किलो असल्याचे तेव्हा छापून आले. या सगळ्या आकड्यांत मला रस आहे तो शेवटच्या.

त्याचे कारण सांगण्यासाठी दुसरी गाडी शेजारी उभी करावी लागेल. दिलीप छाब्रिया यांची 'अवंती' २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत आली. भारतीय स्पोर्ट्स कार म्हणून तिचे मोठे कौतुक झाले. दिसायला ती देखणी होतीच. रेनॉचे दोन लिटरचे टर्बो इंजिन, २५० अश्वशक्ती. पण वजन दीड टनाहून जास्त. म्हणजे टनामागे १६५ च्या आसपास अश्वशक्ती. 'रेसमो'चा हाच हिशेब टनामागे सुमारे २३७ येतो, तोही निम्म्याहून थोड्याच मोठ्या इंजिनावर. तिसरा आकडा इंग्लंडमधल्या कॅटरहॅम कंपनीचा. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये काढलेल्या 'लोटस सेव्हन'चा वारसा ही कंपनी १९७३ पासून चालवते. २०२१ मध्ये तिने ४४० किलोची एक गाडी आणली आणि तीत सुझुकीचे ६६० सीसीचे तीन सिलिंडरी टर्बो इंजिन बसवले. आपल्या मारुती आठशेच्या इंजिनाहूनही ते लहान. तरी टनामागे अश्वशक्ती १९०, 'अवंती'पेक्षा जास्त.

स्पोर्ट्स कारवर आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते ते अश्वशक्तीपाशी थांबते. वेग वाढवायला ताकद लागते हे खरे, पण ट्रॅकवर गाडीची परीक्षा थांबण्यात आणि वळण्यात होते, आणि तिथे इंजिन काही कामाचे नाही. ८०० किलोची गाडी ताशी शंभर किलोमीटरवरून थांबवायची तर ब्रेकला साधारण ३०९ किलोज्यूल उष्णता पचवावी लागते. एक लिटर साधे पाणी उकळीला आणायला जवळजवळ एवढीच उष्णता लागते. वजन दुप्पट झाले की दोन लिटर. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एका फेरीत १६ वळणे आहेत. प्रत्येक वळणाआधी इतका जोर लागत नाही, तरी फेरीमागून फेरी ही चहाची किटली ब्रेकच्या चकत्यांवर चढतच असते. जड गाडीचे ब्रेक दहा-बारा फेऱ्यांत मऊ पडू लागतात. मग मोठ्या चकत्या, त्यासाठी मोठी चाके, त्यांना पेलणारी जाड लिंक, ते सगळे ओढायला मोठे इंजिन, त्याला मोठा रेडिएटर. एक किलो वाढला की आपल्याबरोबर भाऊबंद घेऊन येतो. उलट दिशेनेही हेच होते, फक्त कोणीतरी सुरुवात करावी लागते.

वळणाचा मुद्दा याहून सूक्ष्म आहे. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. पण वळणात बाहेर फेकणारा जोर मात्र वजनाच्या प्रमाणात पुरेपूर दुप्पट होतो. म्हणून जड गाडी वळणात आधी घसरते, मग तिचे इंजिन कितीही मोठे असो. आपल्या तालमीतल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणले ते ५७ किलो गटात. खासबागेच्या मैदानात गर्दी अवजड गड्यांच्या जोडीला होते, पण ते पदक चपळाईचे होते.

आता प्रश्न असा की पत्रा पातळ केला म्हणजे गाडी हलकी झाली का? झाली, पण निकामीही झाली. ट्रॅकवरच्या गाडीचा सांगाडा पिळला जाता कामा नये. तो पिळला की चाकांचे कोन बदलतात आणि सस्पेन्शनचे सगळे गणित कोसळते. म्हणजे हलके हवे आणि ताठही हवे. याचे उत्तर आपल्या बांधावर उभे आहे. तितक्याच वजनाची लोखंडी सळी घ्या आणि बांबू घ्या. सळी वाकेल, बांबू तग धरेल. द्रव्य मध्यापासून जितके दूर, तितका ताठपणा जास्त. १९९६ च्या 'लोटस एलिस'ने हेच केले. अॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या चक्क डिंकाने, म्हणजे इपॉक्सीने चिकटवून ६८ किलोचा सांगाडा उभा केला. 'रेसमो'चे 'मोफ्लेक्स' हे तंत्रही याच जातीचे. निरनिराळ्या द्रव्यांचे थर सँडविचसारखे बसवायचे, बाहेरचे थर ताण घेतात, मधला थर त्यांना एकमेकांपासून लांब धरून ठेवतो. अवाढव्य प्रेस आणि कोट्यवधींच्या डाय न लावता थोड्या संख्येत गाड्या काढता येतील, हा त्यातला व्यवहारी हेतू.

मला 'रेसमो'त सर्वांत आवडते ते हेच. तिचा हलकेपणा वरवरचा नव्हता, पहिल्या रेघेपासून ठरवलेला होता. 'अवंती' आधी दिसली आणि मग तिच्याखाली यंत्र बसले. निदान तिचे आकडे तरी तसेच बोलतात. 'रेसमो'त दोष नव्हते असे नाही. तिला दिलेला गिअरबॉक्स एएमटी प्रकारचा, म्हणजे हाताच्या गिअरलाच यंत्राचा हात लावलेला. शहरातल्या छोट्या गाडीत तो खपतो. ट्रॅकवर, वळणाच्या ऐन मध्यावर त्याने घेतलेला झटका चालकाला महागात पडला असता. पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडणारी दारेही मला अनावश्यक वाटतात. बिजागऱ्यांना वजन असते.

पण तिची खरी परीक्षा झालीच नाही. पुढच्याच वर्षी प्रकल्प गुंडाळला गेला. लोकांच्या हाती ती आली ती एका व्हिडिओ गेममध्ये, 'फोर्झा होरायझन ३'मध्ये, 'रेसमो प्लस' या नावाने. पडद्यावरच्या गाडीला मुळात वजनच नसते, हा योगायोग म्हणून सोडून देतो.

कंपनीवर पैशाचा ताण होता आणि थोड्या संख्येच्या गाडीत नफा नव्हता, ही कारणे रास्तच आहेत. मला त्याहून जवळचे एक कारण दिसते, आणि ते आपल्याच दारात आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फौंड्रींनी देशाच्या ट्रॅक्टर-ट्रकना ब्लॉक, हाउसिंग, ड्रम पुरवले. या जिल्ह्याचे हात लोखंडात मुरलेले आहेत. पण कास्टिंगचा दर ठरतो किलोवर. माल काट्यावर चढतो आणि बिल निघते. समजा एखाद्या हुशार पॅटर्नमेकरने भिंत सहा मिलिमीटरवरून चारवर आणली, बरगड्या योग्य जागी देऊन ताकद कायम ठेवली. त्याचे काय होते? पातळ भिंतीत धातू पुढे पोचण्याआधीच थिजतो, कोअर जरासा सरकला तर एक बाजू कागदासारखी होते, रिजेक्शन वाढते. काम अवघड झाले, जोखीम वाढली आणि काट्यावर माल कमी भरला म्हणून बिलही घटले. अक्कल लावल्याचा हा दंड आहे. हा दंड पिढ्यान्‌पिढ्या भरत बसण्यापेक्षा जाड भिंत बरी, असे फौंड्रीवाल्याला वाटले तर त्याला कोणत्या तोंडाने दोष द्यायचा? डिझाइन पुण्यात किंवा तुरिनमध्ये होते, आणि आपल्याकडे येते ते फक्त ड्रॉइंग. ग्रॅम वाचवण्याचे श्रेय आणि पैसा दोन्ही तिथेच राहतात.

नुसते द्रव्य बदलूनही हे सुटत नाही. अॅल्युमिनियम बिडाच्या अडीचपटीहून हलके आहे खरे, पण त्याचा ताठपणाही कमी. बिडाच्याच आकारात अॅल्युमिनियम ओतले तर लवचीक, महाग भाग मिळतो. आकार नव्याने विचारावा लागतो, आणि आकाराचा विचार करायचे पैसे दरपत्रकात कुठेच लिहिलेले नसतात. इलेक्ट्रिक गाड्यांत तर इंजिनाचा ब्लॉकच नाही. बॅटरीचे ओझे आल्यामुळे बाकी प्रत्येक भागाने वजन उतरवावे, अशी मागणी मात्र दुपटीने आहे.

गंमत अशी की शर्यतीची हौस या गावाला नवी नाही. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे. इथले कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरले. आणि कार्ट हे हलक्या गाडीचे सर्वांत शुद्ध रूप. तिला सस्पेन्शन नाही, डिफरन्शिअल नाही, मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर. मग ती वळते कशी? स्टिअरिंग फिरवले की पुढच्या चाकांच्या तिरक्या बैठकीमुळे फ्रेम किंचित पिळली जाते आणि मागचे आतले चाक काही मिलिमीटर जमिनीवरून उचलले जाते. म्हणजे एलिसमध्ये जे पिळणे शत्रू, ते इथे मुद्दाम राखलेले असते. स्प्रिंगचे काम फ्रेमची नळीच करते. राष्ट्रीय शर्यतीत धावणाऱ्या कार्टमधले रोटॅक्स इंजिन ऑस्ट्रियाचे असते, फ्रेम बहुधा इटलीची. ती नळी वाकवून जोडणारा वेल्डर उद्यमनगरात दहा पावलांवर मिळेल. तिची जाडी कुठे किती ठेवायची हे ठरवण्याचे काम त्याच्याकडे अजून कोणी घेऊन गेलेले नाही, आणि गेलेच तर तो मजुरी किती सांगेल, हे त्यालाही ठरवावे लागेल, कारण काट्यावर ती फ्रेम फारशी भरत नाही.